पोचा

दोन गाड्या बघितल्या. दोन्ही खोट्या.
खऱ्या जगात किती उरल्यात ते सोळकरला पाठ आहे,
आणि त्यातली एकही देवगडला येणार नाही
हे मला.

सुलेमान सोळकर मिरकरवाड्याला होड्या ओततो.
त्याच शेडमध्ये, एका ट्रॉलरच्या पोटाशी,
तीच राळ, तीच काचेची चटई वापरून
त्याने ही स्पायडर ओतली: चंदेरी, गुळगुळीत,
कुठे बोट अडकत नाही.
साचा खऱ्या गाडीवरून घेतलाय, म्हणाला.
म्हणजे खरीच्या साच्यातून निघालेल्या
गाडीच्या साच्यातून निघालेल्या गाडीवरून.
दर पिढीला दोन-तीन मिलिमीटर आटते.
टेप लावली. आटली आहे.
मीही आटलोय, ते सोडा.
इंजिन मारुतीचं. आणि गंज?
“चाचा, समुद्रात बुडवा, शंभर वर्षांनी काढा,
पुसा आणि चालवा.”

वेंगुर्ल्याला लोड्रिक दांतस.
एसटीच्या बॉड्या ठोकून ठोकून एका कानाने बहिरा.
साचा नाही. चार फोटो, फणसाच्या फळ्यांचा सांगाडा,
अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, वाळूची पिशवी, लाकडी मोगरी.
डावा मडगार्ड उजव्याहून बोटभर फुगलेला.
दाखवला, तर ऐकू येणारा कान वळवून म्हणाला,
“तुमचां तोंड तरी दोनय बाजूंक
सारख्या असा काय?”

रात्री वहीत दोन रकाने आखले.
किंमत, वजन, कागदपत्रं, आरटीओ.
हेमलता चष्मा लावून वाकली.
“दोनच शिटी. मगे नातू खंय बसतलो?”
ही ओळ मी वहीत घेतलीच नव्हती.

खरी मी पाहिलेली आहे, हे दोघांनाही सांगितलं नाही.
पाहिलेली म्हणजे
एकोणऐंशी साली, तीन नंबरच्या होल्डमध्ये,
जिनोआ ते योकोहामा, एकतीस दिवस,
ताडपत्रीखाली.
मी टिंडेल. दर पाळीला खाली उतरायचं,
साखळ्या चाचपायच्या, ढिली असेल ती आवळायची.
चालू झालेली कधी ऐकली नाही.
रंग विचाराल तर टॉर्चच्या मरत्या सेलचा.
मला ती माहीत आहे ती तळहाताला:
दिव्यामागून वर चढत जाणारा उतार,
थंड, आणि आतून बारीक थरथरणारा,
जहाजाचं इंजिन जणू तिचंच.

एडनच्या पुढे, जूनच्या समुद्रात,
एका हेलकाव्याला हातातला पाना सटकला.
डाव्या दिव्यामागे पोचा. सुपारीएवढा.
ताडपत्री नीट ओढून घेतली.
योकोहामाला एका माणसाने न बघता सही केली,
आणि मी त्या महिन्याची मनीऑर्डर घरी पाठवली.

मिरकरवाड्याला पहिल्यांदा तिथेच हात गेला होता.
गुळगुळीत.
कुणीतरी भरला असेल, घासला असेल.
किंवा साचा दुसऱ्याच कुठल्या बहिणीचा.

सकाळी सोळकरला फोन केला:
फायबरला पोचा येतो का रे?
“चाचा, फायबर पोचत नाही. एकदम तडकतं.”
छाती फुगवून सांगितलं त्याने.

लोड्रिकला तोच प्रश्न दोनदा ओरडून विचारला.
तो थोडा वेळ गप्प. मग:
“केदो होयो?”

“खारो वारो खातलो तेका,” हेमलता म्हणाली.
खाऊ दे. आयुष्यभर मीठ खाल्लेल्या माणसाने
पत्र्याला काय नावं ठेवायची.

शनिवारी विसार दिला.
तिला अंगणात उन्हात काढलेलं, रंगाशिवाय.
हात ठेवला आणि उचलला, एवढी तापलेली.
पुन्हा ठेवला. जागा सापडली.
फुगीर बाजू हीच, डावी.
लोड्रिकने मोगरी पुढे केली,
“मारा. गाडी तुमचीच असा.”

मोगरी हलकी होती. लाकडी.
गोल, मऊ, कामाची माणसं वापरतात तशी.
ही नको, म्हटलं,
पाना असेल तर बघ एखादा.

तो शोधायला आत गेला.